तैलवृक्षांसाठी जिवाणू खते

ज्या वृक्षांच्या बियांपासून तेल काढले जाते, त्यांच्या वाढीसाठी जमिनीतील उपयुक्त सूक्ष्मजीवांचा खत म्हणून जो वापर केला जातो, त्यास तैलवृक्षांसाठी जिवाणू खते असे म्हणतात. करंज, मोह, कडुनिंब, कोशिंब व उंडी हे महाराष्ट्रातील परिचित तैलवृक्ष होत. जिवाणू खतात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात. त्यात जिवंत जिवाणू किंवा कवके असतात. ते हवेतील नत्र स्थिर करतात, मातीत बद्ध झालेले स्फुरद विरघळवतात किंवा मुळांची पोहोच वाढवतात. त्यामुळे रासायनिक खताप्रमाणे केवळ मात्रा मोजून त्याची उपयुक्तता ठरत नाही. सूक्ष्मजीव जिवंत आहेत का, ते त्या झाडाशी जुळणारे आहेत का आणि त्या मातीत ते तग धरतील का, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिपावसाचा प्रदेश आणि पूर्वेकडील कमी पावसाचे पठार अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात येथे एकत्र आले आहेत. एकाच प्रकारचे जिवाणू खत या दोन्ही भागांत सारखेच काम का करत नाही, हे येथील जमिनीवरून स्पष्ट होते.

इतिहास

द्विदल पिकांमुळे जमीन सुधारते, हा अनुभव शेतकऱ्यांना प्राचीन काळापासून आहे. त्याचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल व विल्फार्ट यांनी द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींचा नत्राशी असलेला संबंध सिद्ध केला. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी या गाठींतील जिवाणू वेगळे काढून वाढवले. त्याआधी, १८८५ मध्ये, फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळे व कवके यांच्या सहजीवनास ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. मराठीत त्यासाठी ‘कवकमूळ’ हा शब्द वापरतात. मुळांशी गाठी न करता जमिनीत मोकळेपणी राहून नत्र स्थिर करणारा ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू बायरिंक यांनीच १९०१ मध्ये वर्णिला.

भारतात द्विदल वनस्पती व रायझोबियम यांच्या सहजीवनाचा पहिला अभ्यास १९२० मध्ये ना. वि. जोशी यांनी केल्याचे मानले जाते. व्यापारी उत्पादनाचा प्रारंभ १९५६ मध्ये झाला. केंद्र शासनाने १९८३ मध्ये जैविक खतांच्या विकासासाठी राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथे होते. या प्रयत्नांचा भर प्रारंभी कडधान्ये, भुईमूग, सोयाबीन, ज्वारी व ऊस अशा शेतपिकांवर होता. वृक्षांकडे लक्ष वळले ते प्रामुख्याने पडीक जमिनींवरील वनीकरण आणि पुढे जैवइंधनाच्या योजना यांमुळे.

भूप्रदेश व तैलवृक्ष

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस नाणेघाट व माळशेज घाट, तर आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरचा डोंगराळ प्रदेश आहे. भीमाशंकर परिसरात वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरच्या घरात जाते. कुकडी, पुष्पावती, मीना व घोड या नद्या येथून पूर्वेकडे वाहतात. जुन्नर, नारायणगाव, मंचर या मधल्या पट्ट्यात पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि तालुक्यांच्या पूर्व टोकाकडे तो ५०० ते ७०० मिलिमीटरपर्यंत उतरतो.

पावसाबरोबर मातीही बदलते. घाटमाथ्यावरची तांबडी, जांभ्याची माती सततच्या पावसाने धुऊन निघालेली, उथळ व आम्लधर्मी असते. तिच्यातील चुना वाहून जातो आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. पूर्वेकडील मध्यम काळी माती याउलट अल्कधर्मी व ठिकठिकाणी चुनखडीयुक्त असते. दोन्हीकडे नत्र कमीच असते आणि स्फुरद असूनही ते झाडाच्या हाती सहज लागत नाही. पश्चिमेस ते लोह व ॲल्युमिनियमशी, तर पूर्वेस कॅल्शियमशी बद्ध होते.

तैलवृक्षांपैकी करंज नदी-ओढ्यांच्या काठी दोन्ही भागांत आढळतो. मोह व कोशिंब पश्चिमेकडील पानझडी वनांत, तर कडुनिंब पूर्वेकडील कोरड्या भागात, बांधांवर व रस्त्यांच्या कडेला दिसतो. पश्चिम भागात महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती असून भातशेती, वरकस जमिनीवरील नाचणी-वरई आणि वनोपज यांवर त्यांची उपजीविका चालते. या भागातील सर्वांत महत्त्वाचे वनोपज हिरडा हे आहे. तथापि हिरडा हे टॅनिनसाठी व औषधासाठी गोळा केले जाणारे फळ असल्याने त्याची गणना तैलवृक्षांत होत नाही.

डिंभे धरणाच्या जलाशयाखाली घोड नदीकाठची शेती गेल्यानंतर आंबेगावातील अनेक कुटुंबे वरच्या उतारांवर राहू लागली. अशा उथळ, मुरमाड उतारावर लावलेले झाड फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर कमकुवत रोपाची भरपाई करणे कुटुंबाच्या हाती नसते. म्हणून रोप सुरुवातीसच सशक्त असणे हा येथे केवळ शास्त्रीय नव्हे, तर उपजीविकेचाही प्रश्न ठरतो.

करंज व मुळांवरील गाठी

वर उल्लेखिलेल्या तैलवृक्षांपैकी करंज हा एकटाच द्विदल शेंगाधारी कुळातील आहे. त्याचे शास्त्रीय नाव मिलेशिया पिनाटा. जुन्या ग्रंथांत तो पोंगॅमिया पिनाटा या नावाने आढळतो. त्याच्या मुळांवर प्रामुख्याने ब्रेडीरायझोबियम वर्गातील जिवाणू गाठी निर्माण करतात. झाड जिवाणूंना शर्करा पुरवते. जिवाणू त्याबदली हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करून झाडास देतात. हे काम करणारे नायट्रोजिनेझ हे विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचे गुलाबी द्रव्य प्राणवायूचे प्रमाण मर्यादित ठेवते. ताजी गाठ कापून पाहिल्यास ती आतून गुलाबी दिसली तर ती कार्यक्षम समजावी. पांढरट किंवा हिरवट दिसल्यास ती नत्र स्थिर करत नाही असे मानतात. शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगी ही परीक्षा आहे.

गाठी निर्माण करणारे जिवाणू यजमानाच्या बाबतीत चोखंदळ असतात. हरभऱ्याच्या गाठींतील जिवाणू करंजाच्या उपयोगी पडत नाहीत. भुईमूग, मूग, उडीद व चवळी ज्यात मोडतात त्या चवळी गटाचे जिवाणू करंजाला अधिक जवळचे आहेत. करंजाच्याच गाठींतून काढलेला संवर्धक मिळाल्यास तो अर्थातच श्रेयस्कर. असा संवर्धक हाताशी नसेल तेव्हा भरपूर गाठी असलेल्या जुन्या, निरोगी करंजाखालची मूठभर माती रोपवाटिकेच्या मिश्रणात घालण्याची साधी पद्धत वापरता येते. तिच्यातून रायझोबियमबरोबर कवकेही रोपाला मिळतात. मात्र त्याच मातीतून मूळकूज वा सूत्रकृमीही येऊ शकतात. म्हणून रोगट झाडाखालची माती घेत नाहीत.

मोह, कडुनिंब व कोशिंब यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. रायझोबियमचे पाकीट त्यांना लावणे निरर्थक ठरते. या झाडांसाठी ॲझोटोबॅक्टर व ॲझोस्पिरिलम यांची शिफारस केली जाते. परंतु त्यांच्याकडून मिळणारा नत्र गाठींच्या तुलनेत बराच कमी असतो, कारण झाडाकडून थेट शर्करेचा पुरवठा त्यांना होत नाही. शिवाय ॲझोटोबॅक्टरला उदासीन ते किंचित अल्कधर्मी जमीन मानवते आणि सामू ६ च्या खाली गेल्यास त्याची संख्या झपाट्याने घटते. त्यामुळे पूर्वेकडील बांधावरच्या कडुनिंबाला त्याचा काही उपयोग संभवतो. घाटमाथ्यावरील जांभ्याच्या मातीतील मोहाला तो फारसा होत नाही.

स्फुरद व कवकमूळ

नत्राचा साठा हवेत अमर्याद आहे. स्फुरदाचे तसे नाही. कोणताही सूक्ष्मजीव स्फुरद निर्माण करू शकत नाही. तो फक्त मातीतील बद्ध स्फुरद मोकळे करतो किंवा दूरचे स्फुरद मुळांपर्यंत आणतो.

पहिले काम बॅसिलस व स्यूडोमोनास प्रजातींतील स्फुरद विरघळवणारे जिवाणू करतात. ते सेंद्रिय आम्ले सोडतात आणि कॅल्शियमशी बद्ध झालेले स्फुरद त्यात विरघळते. पूर्वेकडील चुनखडीयुक्त जमिनीत त्यांना वाव आहे. लोह व ॲल्युमिनियमशी बद्ध झालेले स्फुरद मात्र त्यांना तितक्या सहजपणे सोडवता येत नाही, त्यामुळे पश्चिमेत त्यांच्यावर विसंबणे योग्य ठरत नाही.

दुसरे काम कवकमुळांचे. करंज, मोह, कडुनिंब व कोशिंब या चारही वृक्षांच्या मुळांत कवके शिरून पेशींच्या आत झाडाच्या फांद्यांसारखी सूक्ष्म रचना तयार करतात आणि त्यांचे केसापेक्षाही बारीक तंतू मातीत सर्वत्र पसरतात. स्फुरद मातीत फार मंद गतीने सरकते. मुळालगतचे स्फुरद संपले की मूळ रिकाम्या जागेत उभे राहते. कवकतंतू या रिकाम्या पट्ट्यापलीकडे जाऊन स्फुरद व जस्त आणतात आणि पाण्याच्या ताणातही झाडास साहाय्य करतात. माती आम्लधर्मी असो वा अल्कधर्मी, हे सहजीवन दोन्हींकडे आढळते. म्हणून दोन्ही तालुक्यांतील सर्व तैलवृक्षांना सामाईक असे जिवाणू खत निवडायचे झाल्यास ते कवकमुळाचेच ठरते. वास्तविक कवक हे जिवाणू नव्हे. परंतु व्यवहारात त्याचाही समावेश जिवाणू खतांत केला जातो.

ही कवके जिवंत मुळांशिवाय वाढत नाहीत. त्यामुळे मका, ज्वारी यांसारख्या वनस्पतींच्या मुळांवर कुंडीत ती वाढवतात आणि बीजाणू व मुळांचे तुकडे असलेली माती खत म्हणून वापरतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर त्यांचे उत्पादन करण्याचे तंत्रही विकसित झाले आहे.

रोपवाटिकेतील वापर

वृक्षांच्या बाबतीत जिवाणू खताचा खरा उपयोग रोपवाटिकेत होतो. उतारावरील खड्ड्यात पावसाळ्यात टाकलेली पावडर पहिल्याच मुसळधार पावसात वाहून जाण्याची शक्यता असते. मुळात एकदा वसलेले सूक्ष्मजीव मात्र रोपाबरोबरच जागेवर पोहोचतात.

करंजाच्या एका किलोत साधारण हजार बिया असतात व त्यांची उगवणक्षमता सुमारे वर्षभर टिकते. प्रक्रियेसाठी गुळाचे पातळ द्रावण करून गार झाल्यावर त्यात संवर्धक मिसळतात व ते बियांवर हलक्या हाताने चोळतात. २५० ग्रॅमचे एक पाकीट साधारण १० किलो बियांना पुरते. बिया सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरतात. मोह व कडुनिंब यांच्या बिया पावसाळ्याच्या तोंडाशी तयार होतात आणि थोड्याच आठवड्यांत उगवणक्षमता गमावतात. त्यामुळे त्यांच्यासाठी संवर्धक आधीच आणून ठेवावा लागतो; बी गोळा झाल्यावर शोधाशोध केल्यास हंगाम निघून जातो.

कवकमुळाचे खत बियाण्याला चोळत नाहीत. पिशवीत बी टाकण्याच्या जागेखाली दोन-तीन सेंटिमीटरवर त्याचा पातळ थर देतात, म्हणजे फुटणारे मूळ त्यातून जाते. एका पिशवीस ५ ते १० ग्रॅम खत पुरेसे होते. रोपवाटिकेच्या मिश्रणात रासायनिक स्फुरद भरपूर असल्यास झाड कवकांना थारा देत नाही. नत्र भरपूर असल्यास करंजाच्या गाठी कमी होतात. म्हणून रासायनिक खते, बुरशीनाशके व जिवाणू खते एकत्र मिसळत नाहीत.

राब, पेंड व अन्नद्रव्यांचा परतावा

पश्चिम भागातील भातशेतीत रोपे वाढवण्याच्या जागेवर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व माती यांचे थर रचून पावसाळ्यापूर्वी ते जाळण्याची प्रथा आहे. तिला राब म्हणतात. राबामुळे तणांचे बी जळते आणि राखेतून पालाश व स्फुरद तत्काळ मिळते. त्यामुळे ही प्रथा अविचाराने आलेली नाही. तथापि जळताना पाल्यातील नत्र हवेत निघून जातो, वरच्या थरातील सूक्ष्मजीव नष्ट होतात आणि फांद्या वारंवार छाटल्याने झाडास फुलोरा व फळे कमी येतात. तैलवृक्षांची लागवड करताना राबासाठी छाटायची झाडे आणि बियांसाठी राखायची झाडे वेगळी ठेवणे यासाठीच महत्त्वाचे ठरते.

तेल काढल्यानंतर उरणारी पेंड हा या विषयाचा दुसरा भाग होय. तेल हे कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू यांचेच बनलेले असल्याने जमिनीतून आलेली अन्नद्रव्ये जवळजवळ सर्व पेंडीत राहतात. करंजाच्या पेंडीत सुमारे ३.९ टक्के नत्र, ०.९ टक्के स्फुरद व १.२ टक्के पालाश असते. कडुनिंबाच्या पेंडीत हेच प्रमाण अनुक्रमे ५.२, १.० व १.४ टक्के, तर मोहाच्या पेंडीत २.५, ०.८ व १.२ टक्के असते. १०० किलो करंज बियांपासून ७० किलो पेंड उरली असे धरल्यास तिच्यात सुमारे पावणेतीन किलो नत्र व ६०० ग्रॅमच्या आसपास स्फुरद असते. गावाने बी तसेच विकल्यास हे सर्व बीसोबत बाहेर जाते. नत्राची तूट करंजाच्या गाठी हवेतून भरून काढतील. स्फुरदाची तूट कोणतेही जिवाणू खत भरून काढू शकत नाही. गावातच घाण्यावर तेल काढून पेंड झाडाखाली परतवली तरच हे चक्र पूर्ण होते.

करंज व कडुनिंब यांच्या पेंडी जमिनीतील अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावतात. त्यामुळे पावसाने नत्र वाहून जाण्याचे प्रमाण घटते. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन मासे व गांडुळे यांना घातक असते, म्हणून ती कुजवून वापरावी व ओढ्याच्या पाण्यात जाऊ देऊ नये. करंजाचे तेल व पेंड दोन्ही कडू व अखाद्य आहेत; तेलाचा उपयोग दिव्यासाठी, साबणासाठी, कातडी कमावण्यासाठी व जैवइंधनासाठी होतो.

गुणवत्ता व नियमन

जैविक खतांचा समावेश खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २००६ साली करण्यात आला. या आदेशानुसार रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांच्या वाहकयुक्त खतात दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असणे बंधनकारक आहे. वाहक म्हणून लिग्नाइट किंवा तत्सम भुकटी वापरतात.

पाकिटावर जिवाणूचे नाव, पीक, उत्पादनाचा व वापराचा अंतिम दिनांक छापलेला असतो. पाकीट उन्हात वा पत्र्याच्या छताखाली राहिल्यास दिनांक उलटण्यापूर्वीच त्यातील जिवाणू मरतात आणि खरेदी करणाऱ्याच्या हाती केवळ काळी भुकटी पडते. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. त्यामुळे उत्पादन केंद्राकडून थेट व हंगामापुरतीच खरेदी करणे हिताचे असते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अशी खते तयार होतात. हे महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र असून शेतकऱ्यांना तेथे शेतीविषयक मार्गदर्शन मिळते.

मर्यादा

जिवाणू खताचा परिणाम सर्वत्र दिसत नाही. ज्या जमिनीत करंज, मोह यांची झाडे पूर्वापार आहेत तेथे अनुरूप सूक्ष्मजीव बहुधा असतातच. बाहेरून आणलेले जिवाणू त्यांच्याशी स्पर्धेत टिकतीलच असे नाही. भीमाशंकरच्या दाट वनात अशा खताची आवश्यकता नसते. त्याचा लाभ संभवतो तो निर्जंतुक वा नव्या मातीच्या रोपवाटिकांत, मुरूम उघडा पडलेल्या उतारांवर आणि झाडोरा दीर्घकाळ नाहीसा झालेल्या पडीक जमिनींत.

बियांच्या आनुवंशिक गुणांचा प्रभाव खताहून कितीतरी मोठा असतो. पूर्ण वाढलेल्या एका करंजापासून वर्षाला ९ ते ९० किलो बी मिळते असे सांगितले जाते, तर बियांतील तेलाचे प्रमाण साधारण २७ ते ३९ टक्के असते. करंजात परपरागीभवन होत असल्याने चांगल्या झाडाच्या बियांपासून तशीच झाडे येतील याची खात्री नसते. त्यासाठी निवडक मातृवृक्षांची कलमे करावी लागतात. कमी उत्पादनाचे झाड जिवाणू खताने जास्त उत्पादनाचे होत नाही.

मोगली एरंडाचा अनुभवही येथे उद्बोधक आहे. २००३ नंतर जैवइंधनासाठी देशभर त्याची लागवड झाली. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले, परंतु निकृष्ट जमिनीत अपेक्षित उत्पादन न आल्याने ते साध्य झाले नाही. पडीक जमिनीवर कोणत्याही निविष्ठेशिवाय भरघोस तेल मिळेल, ही अपेक्षाच चुकीची होती. करंज त्या तुलनेत दीर्घायुषी व स्थानिक वृक्ष असला तरी पाणी, माती व निगा यांचे नियम त्यालाही लागू आहेत.

आर्थिक बाजूही तितकीच निर्णायक आहे. किमान आधारभूत किमतीने गौण वनोपज खरेदी करण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेत २०१३-१४ पासूनच मोहाच्या बिया, करंज व हिरडा यांचा समावेश आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये अशा वनोपजांवर वननिवासी समाजाचे हक्क मान्य झाले आहेत. बियांना खात्रीचा भाव व पेंड परत मिळण्याची सोय असेल तरच रोपवाटिकेत घातलेल्या चिमूटभर संवर्धकाचे मोल पाच-सात वर्षांनी झाड लावणाऱ्या कुटुंबाच्या पदरात पडते.